दिलं कोणाला, मिळालं कोणाला

पॅट्रिक हॉर्नक्विस्ट नावाच्या स्वीडिश पोराला २००५ साली नॅशव्हिल प्रेडेटर्स या आइस हॉकीच्या टीमने घेतलं तेव्हा तो ड्राफ्टच्या, म्हणजे नवी पोरं निवडायच्या यादीत शेवटचा होता, म्हणजे अगदी खरोखरचा शेवटचा, २३० पैकी २३० वा, त्याच्या नावानंतर सगळे उठले आणि घरी गेले. २०१४ मध्ये प्रेडेटर्सनेच त्याला पिट्सबर्गला देऊन टाकलं. आणि ११ जून २०१७ ला स्टॅनली कप या आइस हॉकीतल्या सगळ्यात मोठ्या कपच्या फायनलच्या सहाव्या मॅचमध्ये, नॅशव्हिलमध्येच, ०-० असताना आणि शेवटची ९५ सेकंद राहिलेली असताना याच हॉर्नक्विस्टने गोलच्या मागून पक, म्हणजे खेळायची चकती, आमच्या नॅशव्हिलच्या गोलकीपरच्या अंगावर आपटवून आत घातला. संपलं. कप पिट्सबर्गला. तो गोलकीपर पेक्का रिने पण असाच तळातून उचललेला, २००४ च्या ड्राफ्टमधला २५८ वा. म्हणजे गोल मारणारा ज्याच्या टीमने शोधला, अडवणारा पण त्याच्याच टीमने शोधला, आणि तो माणूस त्याच इमारतीत बसून हे सगळं बघत होता.

डेव्हिड पॉइल. नॅशव्हिल प्रेडेटर्सचा जनरल मॅनेजर, तिथे सगळे जीएम म्हणतात. एनएचएल या आइस हॉकीच्या सगळ्यात मोठ्या लीगमध्ये ४१ सीझन जीएम होता, आधी १५ वॉशिंग्टनला, मग नॅशव्हिलला. १५३३ मॅच जिंकल्या त्याच्या टीम्सनी, कुठल्याही जीएमच्या नावावर एवढ्या नाहीत. आणि स्टॅनली कप किती? शून्य.

मी हे एकदा सांगलीला फोनवर बाबांना सांगत होतो. बाबा बँकेतून रिटायर झालेले, त्यांना हॉकी म्हटलं की ध्यानचंद आणि अॅस्ट्रोटर्फ आल्यावर आपलं कसं वाटोळं झालं हे दोनच विषय. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "अरे मग कप नाही तर त्याला चाळीस वर्षं ठेवला कसा नोकरीवर?" मी म्हटलं बाबा तो चांगला होता. "चांगला होता हे कशावरून?" या प्रश्नाचं उत्तर मला त्या दिवशी धड देता आलं नाही, आणि तेव्हापासून हा माणूस डोक्यात बसलाय. मी नॅशव्हिलला नोकरीसाठी आलो, हॉकी इथेच बघायला शिकलो, सुरुवातीला तर पक दिसायचाच नाही, लोक ओरडले की मी ओरडायचो. खेळ हळूहळू कळला. पण मला खेळाडूंपेक्षा या जीएम लोकांचंच जास्त वेड लागलं, बहुतेक मी स्वतः ऑफिसात माणसं सांभाळायचं काम करतो म्हणून असेल.

जीएम करतो काय? स्वतः खेळत नाही, कोचिंग करत नाही. माणसं आणतो, माणसं देतो, त्यांचे करार करतो, कोच ठेवतो, कोच काढतो. दरवर्षी जूनच्या आसपास ड्राफ्ट असतो, त्यात अठरा-एकोणीस वर्षांची पोरं पाळीपाळीने निवडायची, साधारणपणे ज्या टीमचा सीझन वाईट गेला तिचा नंबर आधी, आणि पोरगं घेतलं की ते कामाचं निघालं का हे कळायला पाच-पाच वर्षं जातात. आपल्या आयपीएलच्या लिलावासारखा पैसा फेकून माणूस उचलायचा प्रकार नाही हा. मग ट्रेड. त्याच्यात पैसे नाहीत, माणसाच्या बदल्यात माणूस, किंवा माणसाच्या बदल्यात पुढच्या एखाद्या वर्षाच्या ड्राफ्टमधला नंबर. त्यामुळे जीएम दिवसभर फोनवर, लग्नं जुळवणाऱ्या एखाद्या आत्यासारखा, कुठल्या घरी कोण उपवर आहे, कोणाचं सासरी पटत नाहीये, कोणाची बोलणी कुठे अडलीत, सगळं याला तोंडपाठ.

पॉइलला हा धंदा घरातच बघायला मिळाला. वडील बड पॉइल टोरंटो मेपल लीफ्सकडून खेळायचे, १९४७ चा स्टॅनली कप जिंकलेल्या टीममध्ये होते. कप जिंकला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये टोरंटोने मॅक्स बेंटली नावाच्या स्टारसाठी पाच खेळाडू शिकागोला देऊन टाकले, त्या पाचात बड. जिंकून दिलं आणि सहा-सात महिन्यांत दुसऱ्या गावी. पुढे हेच बड फिलाडेल्फिया फ्लायर्सचे पहिले जीएम झाले, मग व्हँकूव्हर कनक्सचे पहिले जीएम. म्हणजे विकलं जाणं काय असतं आणि विकणं काय असतं, दोन्ही एकाच जेवणाच्या टेबलावर. मला नेहमी वाटतं की डेव्हिडने ट्रेड करताना फोन उचलला की त्याला एकदा तरी बाप आठवत असेल. अर्थात हा माझा कल्पनाविलास, तो काही असं बोलल्याचं मी कुठे वाचलेलं नाही.

डेव्हिड बॉस्टनच्या नॉर्थईस्टर्न युनिव्हर्सिटीत खेळला, आणि १९७२ मध्ये अटलांटा फ्लेम्स ही नवी टीम निघाली तिथे ऑफिसात चिकटला. जीएम क्लिफ फ्लेचर, त्याच्या हाताखाली पडेल ते काम. अटलांटा म्हणजे जॉर्जिया, उन्हाळ्यात घामाघूम होणारं शहर, तिथे बर्फावरचा खेळ. आठ वर्षं चाललं आणि १९८० मध्ये टीम विकली गेली, थेट कॅनडात कॅलगरीला गेली. पॉइल पण सामान बांधून गेला. वयाच्या एकतिशीत त्याने हे बघितलं की टीम ही हातातून जाणारी गोष्ट आहे, खेळाडू जातो तशी अख्खी टीमच शहरातून जाते. हा धडा त्याला पुढे दोनदा लागला.

पहिल्यांदा वॉशिंग्टनला. ऑगस्ट १९८२ मध्ये त्याला कॅपिटल्सचा जीएम केलं तेव्हा तो ३३ वर्षांचा होता आणि टीम मरायला टेकली होती. १९७४-७५ चा त्यांचा पहिला सीझन ८० पैकी ८ मॅच जिंकून संपला होता, त्यानंतरच्या सात वर्षांत पण एकदाही प्लेऑफ नाही, मालक एब पॉलिन म्हणत होता आता बस झालं, आणि त्या उन्हाळ्यात लोकांनी टीम वाचवायची मोहीम काढली होती, तिकिटं विका, सरकारकडून टॅक्स कमी करून घ्या वगैरे. असल्या वेळी नवा माणूस काय करतो, दोन-तीन महिने सगळ्यांना भेटतो, बघतो, समजून घेतो. मी तरी तेच केलं असतं. पॉइलने ऑगस्टच्या ३० तारखेला नोकरी धरली आणि सप्टेंबरच्या ९ तारखेला टीमचा कॅप्टनच देऊन टाकला! रायन वॉल्टर आणि रिक ग्रीन माँट्रियलला, आणि तिकडून रॉड लँगवे, ब्रायन एंगब्लॉम, डग जार्विस, क्रेग लॉकलिन असे चार जण. लँगवे अमेरिकन, त्याला क्युबेकमधला, म्हणजे माँट्रियल ज्या प्रांतात आहे तिथला, टॅक्स नको झाला होता, अमेरिकेत यायचं होतं. हे नुसतं माहीत असणं हीच अर्धी जीएमगिरी.

लँगवेने पुढची दोन्ही वर्षं लीगच्या सर्वोत्तम डिफेन्समनची नॉरिस ट्रॉफी घेतली, आणि ज्या टीमने आठ वर्षांत प्लेऑफ बघितला नव्हता ती सलग १४ वर्षं प्लेऑफमध्ये गेली. टीम वॉशिंग्टनमध्येच राहिली. आज ओव्हेच्किन म्हणून जगभर जो ओळखला जातो तो वॉशिंग्टनकडून खेळला, कारण ८२ मध्ये टीम गेली नाही.

पण प्लेऑफमध्ये पोचायचं आणि तिथे हरायचं, हे मात्र दरवर्षीचं. १९८७ ची एक मॅच हॉकीवाले अजून काढतात. न्यूयॉर्क आयलंडर्सविरुद्ध कॅपिटल्स सिरीजमध्ये ३-१ पुढे होते, ती ३-३ झाली, सातवी मॅच शनिवारी संध्याकाळी सुरू झाली आणि ईस्टरच्या रविवारी पहाटे दोनच्या सुमारास, चौथ्या ओव्हरटाइममध्ये, पॅट लाफाँटेनच्या गोलवर संपली. घरच्या रिंकवर हरले. मी तिचे तुकडे यूट्यूबवर बघितलेत, शेवटी शेवटी खेळाडू स्केटिंग करतायत का नुसते वाहत चाललेत कळत नाही.

आणि मग १९९०. स्कॉट स्टीव्हन्स, टीमचा तरुण डिफेन्समन, जबरदस्त ताकदीचा. त्याला सेंट लुईसने ऑफर शीट दिली. हा प्रकार असा की दुसरी टीम तुमच्या खेळाडूला करार देऊ करते, तुम्ही सात दिवसांत तेवढेच पैसे द्यायचे नाहीतर तो गेला, आणि गेला तर बदल्यात तुम्हाला ड्राफ्टमधले नंबर मिळतात. वॉशिंग्टनने पैसे दिले नाहीत. पहिल्या फेरीचे पाच नंबर घेतले आणि स्टीव्हन्सला जाऊ दिलं. कागदावर पाच म्हणजे खूपच वाटतात. स्टीव्हन्स वर्षभरात सेंट लुईसहून न्यू जर्सीला गेला आणि तिथे कॅप्टन म्हणून तीन स्टॅनली कप जिंकला. वॉशिंग्टनला त्या पाच नंबरांतून एकही स्टीव्हन्स मिळाला नाही, मिळणारही नव्हता, असा खेळाडू एखाद्या टीमला वीस-वीस वर्षांत एकदा मिळतो.

१९९७ मध्ये कॅपिटल्सचा प्लेऑफ पहिल्यांदा हुकला आणि पॉइलला काढलं. पंधरा वर्षांनंतर. जागी आला जॉर्ज मॅकफी. आणि पुढच्याच वर्षी, १९९८ ला, कॅपिटल्स त्यांच्या इतिहासात पहिल्यांदा फायनलला गेले, बरीचशी तीच टीम घेऊन. डेट्रॉइटने ४-० धुतलं ते सोडा. स्वयंपाक पॉइलचा, पंगत मॅकफीची. मॅकफी हे नाव लक्षात ठेवा, हा परत येणारे.

तोवर पॉइल नॅशव्हिलला पोचला होता, नव्या टीमचा पहिला जीएम, बापासारखाच. हे कंट्री म्युझिकचं गाव, ब्रॉडवेवर ओळीने बार, प्रत्येक बारमधून गिटार, आणि त्याच रस्त्यावर हॉकीचं अरीना. लोकांना ऑफसाइड म्हणजे काय इथपासून शिकवायचं होतं. १९९८ च्या ऑक्टोबरमध्ये पहिली मॅच, फ्लोरिडाविरुद्ध ०-१ हरले. कोच बॅरी ट्रॉट्झ, तो वॉशिंग्टनच्याच संस्थेत पॉइलच्या हाताखाली तयार झालेला, आणि या दोघांनी मिळून पंधरा सीझन काढले, जे या खेळात जवळजवळ होतच नाही. इथे जीएमवर दबाव आला की तो पहिला बळी कोचचा देतो. पॉइलने दिला नाही. टीम गरीब होती म्हणून तळातली पोरं शोधायची, थांबायचं, घडवायची. रिने तसाच, हॉर्नक्विस्ट तसाच, आणि २००३ च्या ड्राफ्टमधले दोन डिफेन्समन, सातव्या नंबरचा रायन सूटर आणि ४९ व्या नंबरचा शे वेबर.

२००७ मध्ये अटलांटाचाच प्रयोग परत होणार असं दिसायला लागलं. मालक क्रेग लिपोल्ड तोट्याला कंटाळला आणि ब्लॅकबेरीवाला जिम बाल्सिली टीम घ्यायला आला. त्याला ती कॅनडात हॅमिल्टनला न्यायची होती, तिथे तर सीझन तिकिटांची बुकिंगंही सुरू झाली. नॅशव्हिलचे लोक अरीनात जमले, तिकिटं घेतली, शेवटी स्थानिक मंडळींनी मिळून टीम विकत घेतली. पण त्या मधल्या काळात पॉइलला टिमोनेन, हार्टनेल, व्होकून असे चांगले चांगले लोक सोडावे लागले, कारण पैसेच नव्हते. आमच्या शेजारचा एक म्हातारा, पहिल्या सीझनपासूनचा तिकिटवाला, तो म्हणतो की त्या उन्हाळ्यात मी रोज पेपर उघडायच्या आधी बायकोला विचारायचो, आहे का गेली?

आणि त्यानंतर पण टीम प्लेऑफमध्ये. हे मला अजून नीट समजत नाही कसं जमवलं.

आता २०१२. सूटर फ्री एजंट झाला, म्हणजे करार संपून मोकळा झाला, आणि मिनेसोटाने त्याला १३ वर्षांचे ९ कोटी ८० लाख डॉलर दिले. मिनेसोटाचा मालक कोण? क्रेग लिपोल्ड! नॅशव्हिल परवडत नाही म्हणून विकून गेलेला तोच. त्या धक्क्यातून सावरायच्या आत दोन आठवड्यांत वेबरला फिलाडेल्फियाची ऑफर शीट आली, १४ वर्षं, ११ कोटी डॉलर, आणि त्यातला मोठा हिस्सा सुरुवातीच्या वर्षांत रोख मोजायचा अशी रचना, म्हणजे गरीब टीमची मुंडी बरोब्बर मुरगळावी अशीच. फिलाडेल्फिया, जिथे बाप पहिला जीएम होता. सात दिवसांची मुदत. न दिलं तर पहिल्या फेरीचे चार नंबर.

बावीस वर्षांपूर्वीचा पेपर परत समोर आला होता. मी त्या आठवड्यात ऑफिसात काही काम केलं असेल असं वाटत नाही. २४ जुलैला प्रेडेटर्सने जाहीर केलं, आम्ही पैसे देतोय, वेबर इथेच राहील. माझ्या मते पॉइलच्या अख्ख्या करिअरमधला हाच दिवस सगळ्यात मोठा, भले पैसे मालकांच्या खिशातून गेले. कारण टीमने त्या दिवशी सांगितलं की आम्ही दुसऱ्यांसाठी माणसं तयार करणारं शिबिर नाही. (पुढच्या वर्षी लीगने नियमच बदलला, आपल्या खेळाडूला जास्तीत जास्त आठ वर्षं आणि बाहेरच्याला सात. पोस्टर चिकटवून झाल्यावर भिंतीवर पाटी लागली.)

आणि गंमत बघा, चारच वर्षांत, २०१६ च्या जूनमध्ये, तोच वेबर, टीमचा कॅप्टन, पॉइलने माँट्रियलला दिला आणि पी. के. सुबानला आणलं. गावात लोक हादरले होते. मी पण चिडलो होतो, एवढा जीव टाकून ठेवलेला माणूस असा कसा देता. पण वेबर सुबानपेक्षा जवळपास चार वर्षांनी मोठा होता, करार अजून दहा वर्षांचा शिल्लक होता, आणि खेळ वेगवान होत चालला होता. पॉइलने १९८२ मध्ये कॅप्टन दिला, २०१६ मध्ये कॅप्टन दिला. पहिल्या वेळी ३३ वर्षांचा होता, दुसऱ्या वेळी ६७. माझ्याच्याने एक माणूस दुसऱ्या प्रोजेक्टला पाठवताना चार रात्री झोप लागत नाही.

मध्ये २०१४ राहिलं, ते लिहायला मला आवडत नाही पण टाळता येत नाही. ६ फेब्रुवारीला मिनेसोटात सकाळच्या सरावाला पॉइल बेंचजवळ उभा होता, एक पक उसळून तोंडावर आला, नाक फुटलं आणि उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. तेव्हा तो अमेरिकेच्या ऑलिंपिक टीमचा पण जीएम होता, सोची तोंडावर आलं होतं, जाता आलं नाही. त्याच सीझनच्या शेवटी त्याने ट्रॉट्झचा करार वाढवला नाही. पंधरा सीझनचा जोडीदार. आणि जूनमध्ये हॉर्नक्विस्ट गेला, बदल्यात जेम्स नील आला.

आता बघा पुढे काय होतं. ट्रॉट्झला वॉशिंग्टनने घेतलं. नील २०१७ च्या फायनलपर्यंत नॅशव्हिलकडून खेळला आणि फायनल संपल्यावर दहा दिवसांनी, नवीन निघालेल्या व्हेगस टीमने नियमाप्रमाणे प्रत्येक टीममधून एकेक खेळाडू उचलला तेव्हा नॅशव्हिलमधून त्यालाच उचललं. बदल्यात काहीच नाही. म्हणजे हॉर्नक्विस्ट दिला, त्याने कप नेला, त्याच्या बदल्यात जो आला तो फुकट गेला. व्हेगसचा जीएम कोण? मॅकफी. आणि २०१८ च्या फायनलला समोरासमोर कोण? मॅकफीची व्हेगस आणि ट्रॉट्झची वॉशिंग्टन. वॉशिंग्टनने पहिला स्टॅनली कप जिंकला. पॉइलने ज्या टीमला मरणातून उठवलं ती टीम, पॉइलने घडवलेला आणि पॉइलनेच सोडलेला कोच. आणि त्या वर्षी सीझनमध्ये सगळ्यात जास्त पॉइंट कोणाचे होते तर नॅशव्हिलचे, पण दुसऱ्या फेरीत विनिपेगकडून सात मॅचमध्ये बाहेर.

एकतर्फी मात्र नाही हां. २०१३ मध्ये याच मॅकफीने, तेव्हा तो वॉशिंग्टनला होता, मार्टिन एरॅट आणि आणखी एका खेळाडूसाठी फिलिप फोर्सबर्ग नावाचा अठरा वर्षांचा पोरगा नॅशव्हिलला दिला. आज प्रेडेटर्सच्या इतिहासात सगळ्यात जास्त गोल फोर्सबर्गचे आहेत. वॉशिंग्टनचे चाहते त्या ट्रेडचं नाव काढलं की अजून विषय बदलतात.

बाबांना मी हे सगळं नंतर एकदा सांगितलं, नावं त्यांच्या लक्षात राहिली नाहीत पण गोष्ट बरोब्बर कळली. म्हणाले, "म्हणजे हा माणूस प्रत्येकाच्या घरच्या कार्यात आहे, फक्त फोटोत नाही." मी म्हटलं हो, तसंच. मग म्हणाले, "आमच्याकडे एक मॅनेजर होते, त्यांनी दिलेली कर्जं त्यांच्या बदलीनंतर फिटली आणि बक्षीस पुढच्याला. पण ब्रँच कोणामुळे उभी होती हे शिपायाला पण ठाऊक होतं." मार्च २०१८ मध्ये पॉइलने ग्लेन सॅदरचा १३१९ विजयांचा विक्रम मोडला. सॅदर म्हणजे ऐंशीच्या दशकातल्या, ग्रेट्झकी या महान खेळाडूच्या एडमंटनचा जीएम, पाच कप. पाच कपवाल्याला मागे टाकून शून्य कपवाला पुढे गेला, यावर नॅशव्हिलच्या बारमध्ये बरेच टोमणे ऐकलेत मी. टोमणे मारणाऱ्यांना मी एवढंच विचारतो की ज्या गावात बसून बिअर पितोय त्या गावात हॉकी आहे कशी?

२०२४ मध्ये टोरंटोच्या हॉकी हॉल ऑफ फेममध्ये त्याला घेतलं, वडील १९९० मध्येच तिथे गेले होते. त्याच्याबरोबर त्याच वर्षी त्याच रांगेत कोण, तर शे वेबर. ज्याला ठेवायला ११ कोटी मोजले आणि मग जाऊ दिला तो. वेबरकडे पण कप नाही.

पण मला त्या समारंभापेक्षा फेब्रुवारी २०२३ चा शेवटचा आठवडा जास्त आवडतो. पॉइलने जाहीर केलं की या सीझननंतर मी थांबतोय, जूनच्या शेवटी, आणि माझ्या जागी ट्रॉट्झ येईल. हो, तोच ट्रॉट्झ, आता जीएम म्हणून. असं जाहीर केल्यावर माणूस काय करतो, निरोपाची जेवणं झोडतो, आठवणी सांगतो. याने दुकान लावलं. टॅनर जेनो टँपाला दिला आणि बदल्यात एक खेळाडू अधिक ड्राफ्टमधले पाच नंबर घेतले, नीनो नीडरायटर तर आदल्याच दिवशी विनिपेगला दिला होता, मग मटियास एकहोम एडमंटनला, मिकाएल ग्रॅनलुंड पिट्सबर्गला. सगळीकडून पुढचे नंबर गोळा. टँपाकडून घेतलेल्या पाचांतला सगळ्यात मोलाचा, पहिल्या फेरीचा, तो होता २०२५ चा, म्हणजे पॉइल घरी बसल्यानंतर दोन वर्षांनी वापरायचा, आणि त्या नंबरवर घेतलेलं पोरगं खरंच खेळाडू निघालं तर ते कळणार त्याच्याही चार-पाच वर्षांनंतर, तोवर ट्रॉट्झ तरी त्या खुर्चीत असेल का कोणास ठाऊक.